बाईंचं चाक आणि माझं

अलिबागेत आमच्या मोहल्ल्यातून समुद्राकडे जाणारा फुटपाथ चालणाऱ्याला फारसा जाणवत नाही. पाय आपोआप उचलला जातो, वर आलेला पेव्हर ब्लॉक ओलांडला जातो, गटाराचं हलतं झाकण टाळलं जातं आणि माणूस बोलत बोलत पुढे निघून जातो. मी मात्र त्या फुटपाथवरून एका चाकावर उभा राहून जायचो. त्यामुळे कुठली फरशी डुगडुगते, बदामाच्या मुळांनी लादी कुठे उचलली आहे, शहाळीवाल्याच्या गाडीपुढे सालींचा चिखल कुठपर्यंत पसरतो, हे सगळं माझ्या गुडघ्यांना पाठ झालं होतं.

चाक म्हणजे खरोखर एकच चाक. मध्ये जाड टायर, त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला दोन पट्ट्या, आत बॅटरी आणि मोटर. हँडल नाही, ब्रेक नाही, सीट नाही. पुढे झुकलं की पुढे जातं, टाचेवर भार दिला की थांबतं. शेजारच्या खालाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती.

"आरं, याला बसायचं कुठं?" तिने विचारलं.

"बसायचं न्हाय खाला. उभं ऱ्हायचं."

"उभंच ऱ्हायचं तर मग चालायला काय झालं?"

मी नुसता हसलो आणि पुढे गेलो. पुढे गेलो म्हणजे दहा-बारा हात गेलो आणि गटाराच्या झाकणावर आपटलो. चाक एकटंच गरगरत जाऊन विजेच्या खांबाला धडकलं.

ते मी आखातातून आणलं होतं. तिथे एका कंपनीत मी इलेक्ट्रिशियन होतो. खोलीतला सोबती फिलिपीन्सचा. त्याला या चाकाचं वेड. शुक्रवारी दुपारी क्वार्टरच्या पार्किंगमध्ये भिंतीला धरून धरून मी शिकलो. तिथले समुद्रकाठचे रस्ते तळहातासारखे सपाट, मैलोन्‌मैल एकही खाच नाही. संध्याकाळी मी निघायचो आणि डोकं रिकामं होईपर्यंत चालवायचो. घरी यायचं ठरलं तेव्हा बाकी सगळं वाटून टाकलं, एवढं एक मात्र कार्गोने पाठवलं. बॅटरी आहे म्हणून कार्गोवाला कुरकुरला होता. घरच्यांसाठी घेतलेली ब्लँकेटं, अत्तराच्या बाटल्या आणि इस्त्रीच्या मधोमध बसून ते बोटीने आलं.

मी आलो ते अब्बांसाठी. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता आणि घरात करणारं कुणी नव्हतं. बायको आणि मुलगी त्याआधीच पनवेलला राहायला गेल्या होत्या, मुलीच्या शाळेसाठी. मीच तिकडून पैसे पाठवून तो फ्लॅट घेतला होता. अब्बा वर्षभर अंथरुणावर होते आणि मग गेले. चाळिसावा झाला, पाहुणे पांगले. आता मी पनवेलला जाईन असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. गेलोही. पण त्या घराची घडी माझ्याशिवाय बसली होती. सकाळी कोणी आधी अंघोळ करायची, टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, फ्रीजमधल्या कुठल्या डब्यात काय असतं, हे त्या दोघींना न बोलता कळायचं. मी मध्ये उभा राहिलो की दोघी वळसा घालून जायच्या. भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं वाटलं असतं.

अलिबागेला बंगल्यांचे पंप, इन्व्हर्टर दुरुस्त करायचं काम होतं. "काम आहे तिकडे," असं सांगून मी परत आलो. बायको म्हणाली, "बरं. येत जा." आणि मी महिन्या-दीड महिन्याने जात येत राहिलो.

अशा दिवसांत मी ते चाक खोक्यातून काढलं. आखातातल्या त्या सपाट रस्त्यांवर शिकलेलं इथे काहीच उपयोगाचं नव्हतं. सावकाश गेलं तर फरशीच्या कडेला टायर अडतो आणि आपण एकटेच पुढे जातो. जोरात गेलं तर खड्डा दिसेपर्यंत त्यात उतरलेले असतो. थोडा वेग हवा, गुडघे सैल हवेत आणि टायरमध्ये हवा जरा कमी हवी. हे कळेपर्यंत दोन्ही कोपरं सोलून निघाली. पण त्या अर्ध्या तासात दुसरं काही सुचत नसे. घरी कोणी वाट बघत नाही हेसुद्धा. संध्याकाळी कामावरून आलो, नमाज पढली, की मी चाक घेऊन निघायचो. लोक सुरुवातीला थांबून बघायचे, मोबाइल काढायचे. मग त्यांना सवय झाली आणि मी दिसेनासा झालो.

पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस होते. समुद्राकडच्या फुटपाथवर बारीक गाळ साचून राहिला होता. एका सकाळी कामाला जाताना मला त्यात टायरची एकच रेघ दिसली. सायकलच्या दोन रेघा असतात, वळताना त्या एकमेकींना कापतात. ही एकटीच होती. माझीच असेल म्हणून पुढे निघालो आणि थबकलो. आदल्या दिवशी मी निघालोच नव्हतो. वाकून पाहिलं. टायरची नक्षीही वेगळी होती.

मला काय झालं ते सांगता येत नाही. कामावर फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि त्या रेघेमागे चालू लागलो. तुटक्या लादीशी ती सफाईने वळली होती. हलत्या झाकणाला डावीकडून टाळलं होतं, मी टाळतो तसंच. उसाच्या रसवाल्याजवळ ती खाली रस्त्यावर उतरली आणि गाड्यांच्या चाकांखाली पुसली गेली. मी तिथे उभा राहिलो. या गावात आणखी कोणीतरी आहे, एवढंच डोक्यात घोळत होतं.

त्यानंतर मी वेळ बदलली, सकाळी निघू लागलो. दोन-तीन वेळा रेघ दिसली, माणूस दिसला नाही. मग एका सकाळी बदामाच्या झाडाखाली एक बाई वाकून चाक उचलताना दिसल्या. साठीच्या पुढच्या. पांढरे केस कापलेले, सलवार-कुडता, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर सायकलवाल्यांचं हेल्मेट. मी त्यांच्यापाशी जाऊन थांबलो. त्यांनी आधी माझ्या चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो दुसरा तुम्हीच का?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं कुणी कॉलेजातला पोरगा असेल."

"मला पण तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की त्यांना झाडाचा आधार घ्यावा लागला.

मुंबईत मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर किहीमला नारळीच्या वाडीत एक छोटं कॉटेज घेऊन एकट्या राहत होत्या. गुडघे गेले होते. चाललं की दुखायचे, नुसतं उभं राहिलं की नाही. भाच्याने परदेशातून येताना गंमत म्हणून हे चाक आणलं आणि दोन दिवस खेळून ठेवून गेला. बाईंनी ते ओसरीच्या खांबाला धरून शिकून घेतलं. किहीमच्या रस्त्याला फुटपाथ नाही आणि पर्यटकांच्या गाड्या अंगावर येतात, म्हणून त्या चाक मिनिडोर रिक्षात घालून अलिबागेत यायच्या. शनिवार-रविवार सोडून. मिनिडोरवाले त्याला "बाईंची पेटी" म्हणायचे.

मीही त्यांना बाईच म्हणू लागलो. त्या मला पहिले काही दिवस तुम्ही म्हणाल्या, मग तू.

फुटपाथ एका माणसापुरताच होता, त्यामुळे शेजारी शेजारी चालवता यायचं नाही. बाई पुढे, मी मागे. पुढचं जे दिसेल ते त्या शाळेच्या मैदानावरच्या आवाजात ओरडून सांगायच्या. "झाकण!" "मूळ!" "स्कूटर, डावीकडे!" "कुत्रं झोपलंय, उठवू नको!" दुकानदार बाहेर येऊन बघायचे. मी मागून नुसता "हो बाई" म्हणायचो. कित्येक वर्षांत मला कोणी असं सांभाळून नेलं नव्हतं.

एकदा मी वाईट पडलो. पावसाने खचलेल्या लादीत टायर अडकला आणि मी हात पुढे करून आपटलो. मनगट सुजलं. बाईंनी बाजूच्या दुकानातून बर्फ आणला, माझा हात आपल्या मांडीवर घेऊन बसल्या आणि रागावल्या.

"हात पुढे टाकायचा नाही. खांदा द्यायचा आणि लोळायचं. पन्नास वर्षांचा घोडा झालास, पडायला नाही शिकलास?"

"कोणी शिकवलंच नाही."

"घरी कोण आहे तुझ्या? हाताला पट्टी कोण बांधेल?"

मी सांगितलं. अब्बांचं, पनवेलचं, फ्रीजमधल्या डब्यांचं. त्या बर्फ फिरवत ऐकत राहिल्या. उपदेश केला नाही. मग म्हणाल्या, "माझं उलटं आहे. मला कुणी कधी बोलावलंच नाही, म्हणून जायचा प्रश्न आला नाही." एवढं बोलून त्यांनी स्वतःची ओढणी फाडून माझं मनगट बांधलं. ती ओढणी चांगली होती, मला फार वाईट वाटलं.

हिवाळाभर असं चाललं. समुद्राच्या कठड्यावर बसून आम्ही चहा प्यायचो. त्या बिनसाखरेचा घ्यायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. मी त्यांच्या कॉटेजचा पंप दुरुस्त करून दिला, त्यांनी मला वाडीतले नारळ दिले. रमजान आला तेव्हा मी सकाळी कोरड्या तोंडाने चालवायचो. बाई माझ्यासमोर चहा घेईनाशा झाल्या. "अहो, घ्या ना," मी म्हणायचो. "नाही, नंतर घेईन," त्या म्हणायच्या आणि पाण्याची बाटलीही पिशवीत दडवायच्या.

ईदच्या दिवशी मी पनवेलला गेलो. परत आल्यावर त्यांच्यासाठी शीरखुर्म्याचा डबा घेऊन ठरल्या ठिकाणी उभा राहिलो. बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन लागेना. मला वाटलं, मी सणाला गेलो ते सांगायचं राहिलं, राग आला असेल. मग वाटलं, कंटाळल्या असतील. माणसं कंटाळतात. मी आणखी एक दिवस तसाच जाऊ दिला, आणि मग मिनिडोर पकडून किहीमला गेलो.

कॉटेजला कुलूप होतं. शेजारच्या वाडीतली एक बाई माडांखाली झावळ्या गोळा करत होती. तिने सांगितलं, "त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बहिणीची माणसं आली नि मुंबईला घेऊन गेली. फोन पण हितंच ऱ्हायलाय त्यांचा."

ओसरीच्या जाळीतून मला त्यांचं चाक दिसलं. टायरवर आमच्या फुटपाथचा सुकलेला गाळ होता.

तिनेच बहिणीचा नंबर दिला. मी ओसरीच्या कठड्याला टेकून फोन लावला. बाईंचा आवाज बारीक झाला होता.

"एवढे खड्डे, एवढी झाकणं," त्या म्हणाल्या, "आणि पडले कुठे, तर साबणावर. कुणाला सांगायची लाज वाटते रे."

"खांदा दिला नाहीत का?"

"जागाच नव्हती," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मी फोन कानाला धरून राहिलो. मग नाक ओढून त्या म्हणाल्या, "चाकाची बॅटरी उतरू देऊ नकोस. चावी शेजारणीकडे आहे, तिला सांगते."

म्हणून मी किहीमला जाऊ लागलो. चाक चार्जिंगला लावायचो आणि तोपर्यंत ओसरीवर बसायचो. वाडीत नारळ पडल्याचा आवाज यायचा. घरात त्यांचा चष्मा, उलटी घातलेली कपबशी, सगळं जागच्या जागी. बॅटरी भरली की चाक वाडीतल्या पायवाटेवर एकदा फिरवून आणायचो, कुलूप लावायचो आणि घरी यायचो. अलिबागेत माझं चाक घेऊन निघालो की मी आपोआप मागच्यासारखा हळू चालवायचो, पुढे कोणी असल्यासारखा.

उन्हाळ्याच्या शेवटी मी मुंबईला त्यांना भेटायला गेलो. बहिणीच्या घरी एका खोलीत त्या वॉकर समोर ठेवून बसल्या होत्या. केस वाढले होते. मी नारळ नेले होते, ते बघून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी मला समोर बसवलं आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं.

"कॉटेज विकतोय आम्ही. मी आता तिकडे येत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय आणि मलाही कळतंय. चाक तू घेऊन जा."

"माझ्याकडे एक आहे, बाई. दोनाचं मी काय करू?"

"तुझ्या मुलीला दे."

"ती नाही चालवायची."

"विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. तिला मी असं काही चालवतो हेही मी कधी सांगितलं नव्हतं. निघताना बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "येत जा" असं त्या म्हणाल्या नाहीत. मला वाटतं, मी जड मनाने येईन हे त्यांना नको होतं. मी त्यानंतर फोन केले, त्याही कधी कधी करतात. पण जाणं झालेलं नाही.

किहीमहून चाक घेऊन मी एसटीने पनवेलला गेलो. कंडक्टरने ते ड्रायव्हरच्या मागे ठेवायला सांगितलं. घरी पोचलो तर बायको चपात्या करत होती.

"हे काय आणलंय?"

"चालवायचं चाक."

"कोण चालवणार?"

"मी चालवतो. म्हणजे माझं वेगळं आहे. हे दुसरं."

तिने लाटणं खाली ठेवलं. "तुम्ही? या वयात? आणि आम्हाला कळलं पण नाही?" ती चिडली नव्हती. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते का वाटलं असेल हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. तेव्हा मी फक्त म्हणालो, "सांगण्यासारखं काही नव्हतं त्यात."

मुलगी मात्र खोलीतून बाहेर आली. चाकाभोवती फिरली, पट्ट्या उघडून मिटून पाहिल्या. "अब्बा, हे खरंच उभं राहतं?"

आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. मी तिला पट्टीवर एक पाय ठेवायला लावला, मग दुसरा. तिने माझे दोन्ही खांदे घट्ट धरले. नखं रुतली. ती माझ्यापेक्षा उंच झाली होती, चाकावर तर आणखीच. तिच्या केसांना कुठल्यातरी शांपूचा वास येत होता, तो मला माहीत नव्हता. लहान होती तेव्हा मी सुट्टीवर यायचो, ती माझ्याजवळ यायला घाबरायची आणि मग जायची वेळ आली की रडायची. त्यानंतर तिने मला असं कधी धरलं नव्हतं.

"सोडू नका हं, अब्बा."

"नाही सोडत. खाली बघू नकोस. गुडघे सैल ठेव."

आम्ही खांबाखांबांतून हळूहळू पार्किंगच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. एकदा ती घसरली. मी तिला धरलं आणि ती हसत सुटली. वॉचमन खुर्ची वळवून बघत होता. बायको जिन्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती, पिठाचे हात ओढणीला पुसत. मला वाटलं, आज राहावं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी थळला एका बंगल्याचा पंप बघायचं कबूल केलं होतं, आणि कोणी राहा म्हणालंही नाही. मी राहणार नाही हे त्या धरूनच चालल्या होत्या. बायकोने डब्यात चपात्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. मी संध्याकाळची एसटी पकडली.

पुढचे काही दिवस मुलीने फोनवर विचारलं, वळायचं कसं, थांबायचं कसं. मी कठड्यावर बसून तिला समजावून सांगायचो, हवेत हात करून. मग तिचं कॉलेज सुरू झालं. सोसायटीत कुणीतरी पार्किंगमध्ये खेळायला हरकत घेतली. बाहेरच्या फुटपाथवर तर मेट्रोचं की पाइपलाइनचं खोदकाम. एका फोनमध्ये मी विचारलं, "चालवतेस का?"

"अब्बा, परीक्षा आहे."

"चार्ज तरी करत जा."

"हो, करते."

बायकोने सांगितलं, ते चपलांच्या कपाटाशेजारी उभं आहे, त्यावर ती छत्र्या अडकवते.

किहीमच्या कॉटेजात नवी माणसं आली. पंप बिघडला म्हणून त्यांनी मलाच बोलावलं. कोणीतरी माझं नाव दिलं असेल. ओसरीला रंग दिला होता, जाळी काढून काच लावली होती. मी पंप सुरू करून दिला, पाणी आलं, ते खूश झाले. "आधीच्या मालकीणबाईंना ओळखत होता का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हो, पंपाच्या कामाला यायचो."

त्याच संध्याकाळी मी समुद्रावर गेलो. ओहोटी होती, किल्ल्याकडे जाणारे घोडागाडीवाले परतत होते. कठड्याजवळ एक कुटुंब फोटो काढत होतं. आई, वडील आणि दोन मुली. त्यांनी मला फोटो काढायला सांगितलं. मी दोन-तीन काढले. वडील म्हणाले, "काका, हे काय आहे? दाखवाल का चालवून?"

मी दाखवलं. फुटक्या लाद्यांवरून बदामापर्यंत गेलो, मुळाच्या उंचवट्यावर गुडघे सोडले, वळलो आणि परत आलो. त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने विचारलं, "पडत नाही का तुम्ही?" मी म्हणालो, "पडतो की." मग त्यांना उशीर होत होता. मोठीने जाता जाता हात हलवला आणि ते गाडीत बसून वडखळच्या दिशेने गेले.

मी आणखी एक फेरी मारली, बघायला कोणी नव्हतं तरी. मग मगरिबची बांग झाली तसा चाक हाताने ओढत घरी आलो.